कनीज गेली, बादशहा उरला

आपल्या समाजात एक समजूत घट्ट बसली आहे. 'मुघल-ए-आझम' हा चित्रपट म्हणजे आपल्या तहजीबची आणि आपल्या जबानची सनद, असे आपण मानतो. लग्नघरात त्याची गाणी वाजतात. मोहल्ल्यातल्या हॉटेलात चहाच्या घोटाबरोबर त्यातले संवाद म्हटले जातात. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नववीतला एखादा मुलगा आवाज जाड करून अकबर झाला की पालक टाळ्यांचा कडकडाट करतात. 'आमची उर्दू बघा, आमची शान बघा' असा भाव प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असतो.

मला या समजुतीविरुद्ध बोलायचे आहे. चित्रपटाविरुद्ध नाही. के. आसिफ यांनी जे उभे केले ते उभे करणे सोपे नव्हते, आणि नौशादचे संगीत कोणाच्या सांगण्याने लहान होणार नाही. माझी तक्रार आपल्याविषयी आहे. ज्या ड्राम्यातून ही कथा पडद्यावर गेली, तो ड्रामा आपण हरवून बसलो आणि हरवल्याचे दुःखही आपल्याला नाही. पुढे हीच कथा पडद्यावरून पुन्हा रंगमंचावर आली, तेव्हाही तो ड्रामा परत आला नाही. आपण फक्त झुंबरे मोजत बसलो.

सय्यद इम्तियाज अली ताज यांनी 'अनारकली' हा उर्दू ड्रामा १९२२ मध्ये लाहोरात लिहिला. तेव्हा ते जेमतेम बाविशीतले होते. त्या काळात उर्दू रंगभूमी म्हणजे पारशी कंपन्यांची रंगभूमी. भडक पडदे, शेराला शेर, प्रसंगापिछे गाणे आणि मध्येच विनोदी फार्स, असा तिचा थाट. ताज यांचा ड्रामा त्या साच्यात बसला नाही. कंपन्यांनी फेरफार सुचवले आणि ताज यांनी ते मानले नाहीत. पुस्तक छापून आले ते सुमारे दहा वर्षांनी. म्हणजे उर्दूतला सर्वांत गाजलेला ड्रामा हा व्यावसायिक रंगमंचाने नाकारलेला ड्रामा आहे. प्रस्तावनेत ताज यांनी हेही साफ सांगितले आहे, की या कथेला इतिहासाचा आधार नाही, ही दंतकथा आहे. जहांगीरच्या आत्मचरित्रात अनारकलीचे नाव नाही. लेखकाने आपल्या हाताने आपल्या कथेवर 'हा इतिहास नव्हे' अशी चिठ्ठी लावली. ही सचोटी लक्षात ठेवा, कारण पुढे ती चिठ्ठी गळून पडणार आहे.

सिनेमावाल्यांनी ही कथा लगेच उचलली. १९२८ मध्ये मूकपट आला, १९३५ मध्ये बोलपट आला. दोन्ही वेळा सुलोचना म्हणजे रुबी मायर्स अनारकली झाली. १९५३ मध्ये बीना रायची 'अनारकली' आली. तिचे संगीत सी. रामचंद्र यांचे, म्हणजे आपल्या रामचंद्र चितळकरांचे, आणि त्यात जुनी अनारकली सुलोचना आता सलीमची आई झाली होती. ५ ऑगस्ट १९६० ला 'मुघल-ए-आझम' प्रदर्शित झाला. मुंबईत मराठा मंदिरला तो किती काळ चालला याच्या आठवणी जुनी माणसे अजून सांगतात.

आता नावेच पाहा. ड्राम्याचे नाव 'अनारकली'. एका कनीजचे, म्हणजे दासीचे नाव. चित्रपटाचे नाव 'मुघल-ए-आझम', म्हणजे थोर मुघल, अर्थात बादशहा. एका पाटीवरून दुसऱ्या पाटीवर येताना दासी उतरली आणि बादशहा चढला. हा बदल फक्त पाटीपुरता नाही. साऱ्या कथेचा तोलच त्या बाजूला कलला आहे.

ड्राम्याचे तीन अंक आहेत. त्यांची नावे इश्क, रक्स आणि मौत. प्रेम, नृत्य आणि मृत्यू. तिसऱ्या अंकात अनारकली जिवंत भिंतीत चिणली जाते आणि तिला कोणी सोडवत नाही. बादशहाच्या मनात मुलाविषयी जी स्वप्ने होती तीही त्या भिंतीत जातात. शेवटी आपल्यासमोर उरतो तो हरलेला बाप. न्याय झाला असे म्हणायला ड्रामा कोणालाच जागा ठेवत नाही.

चित्रपटात काय होते? सलीमच्या जन्माची खबर जिने आणली त्या दासीला बादशहाने एक वचन दिलेले असते. तीच अनारकलीची आई. त्या वचनाखातर बादशहा अनारकलीला भुयारी वाटेने गुपचूप सोडून देतो. सलीमला वाटते ती मेली, जगाला वाटते ती मेली. प्रेक्षकाला मात्र ठाऊक असते की बादशहा वचनाचा पक्का निघाला. म्हणजे ड्राम्यात जो गुन्हा होता तो चित्रपटात त्याग झाला. दासीची शिक्षा राहून गेली आणि बादशहाची इभ्रत वाचली. १९६० सालच्या हिंदुस्थानाला न्यायी, सर्वांना सांभाळणारा अकबर हवा होता हे मी समजू शकते. फाळणीला तेव्हा पुरती तेरा वर्षे झाली होती. पण ती गरज भागवायला एका दासीचे मरण खर्ची पडले, हेही तितकेच खरे आहे.

शीशमहालाचा प्रसंग घ्या. ड्राम्यात दिलाराम नावाची दुसरी दासी आहे, मत्सराने पेटलेली. जश्नाच्या रात्री ती असा डाव रचते की सलीम आणि अनारकलीचे इशारे बादशहाला आरशात दिसावेत. आरसा तिथे चुगलखोर आहे. त्या महालात प्रत्येक जण प्रत्येकावर नजर ठेवून आहे, भिंतींना कान आहेत, काचेला डोळे आहेत, आणि अनारकली पहिल्यापासून शेवटपर्यंत भ्यालेली आहे. ही भीती हाच त्या ड्राम्याचा खरा विषय, असे मी मानते. चित्रपटात तोच शीशमहाल रंगीत होतो, मधुबाला बादशहाच्या डोळ्याला डोळा भिडवून गाते आणि छतावरच्या हजार काचांत तिचीच प्रतिमा उमटते. दृश्य अप्रतिम आहे. अनारकली इथे ड्राम्यातल्यापेक्षा धीट आहे, हेही मी कबूल करते. पण हा धीर तिला एका गाण्यापुरता मिळतो. त्यानंतर बाप आणि मुलगा फौजा घेऊन मैदानात उतरतात, तोफा धडाडतात, आणि ज्या कनीजसाठी हे सारे चालले आहे ती कोपऱ्यात जाते. ताज यांच्या ड्राम्यात रणांगण नाही. त्यांना त्याची गरज वाटली नाही.

कोणी म्हणेल, बाई, चित्रपट हे वेगळे माध्यम आहे. त्याला मैदान लागते, गाणे लागते, सुटकेचा निःश्वास लागतो. मान्य आहे. रूपांतर करणाऱ्याने बदल करू नयेत असे मी म्हणत नाही. पण बदल कशासाठी केला आणि त्यात कोणाचा फायदा झाला, हे विचारायचा हक्क वाचकाला आहे. तो हक्क वापरायचा तर मूळ कृती हाताशी हवी.

याच दुखण्याचे दुसरे उदाहरण आपण मराठी वाचक चांगले ओळखतो. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये फुले विकणारी एलायझा शेवटी प्रोफेसर हिगिन्सची होत नाही. शॉने हे ठासून सांगितले, आणि लोक ऐकेनात तेव्हा १९१६ मध्ये नाटकाला मागून एक मजकूर जोडून ती दुसऱ्याशी लग्न करते असे लिहून टाकले. तरी १९३८ च्या चित्रपटाने तिला हिगिन्सच्या घरी परत आणलेच. १९५६ च्या 'माय फेअर लेडी' या संगीतिकेने तेच केले, आणि तिच्यावरून १९६४ मध्ये निघालेल्या चित्रपटानेही. पु. ल. देशपांड्यांनी १९७५ मध्ये 'ती फुलराणी' मराठीत आणली, भक्ती बर्वेंनी ती गाजवली. या साऱ्या फेऱ्यांत शॉचे नाटक मात्र मेले नाही. ते छापले जाते, शिकवले जाते, त्याचे प्रयोग होतात. म्हणून इंग्रजी वाचक विचारू शकतो की शेवट कोणी फिरवला. आपला वाचक हे विचारूच शकत नाही, कारण त्याने एकच शेवट पाहिलेला असतो.

ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईत एनसीपीएच्या रंगमंचावर फिरोज अब्बास खान यांनी 'मुघल-ए-आझम' संगीत नाटकाच्या रूपात आणले. मूळ चित्रपटाला ज्या शापूरजी पालनजींचा पैसा होता, त्याच घराण्याने याची निर्मिती केली. कलाकार गाणी प्रत्यक्ष गात होते, ध्वनिफितीवर ओठ हलवत नव्हते. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे कौतुक केलेच पाहिजे. पण रंगमंचावर काय आले? चित्रपटाचे संवाद आले, चित्रपटाची गाणी आली, चित्रपटाचा शेवट आला. के. आसिफ यांना मानवंदना म्हणून ते केले होते, त्यामुळे दिग्दर्शकाला दोष देता येत नाही. तरी विचार करा. १९२२ मध्ये रंगमंचासाठी लिहिलेली कथा चौऱ्याण्णव वर्षांनी रंगमंचावर परतली ती सिनेमाची नक्कल होऊन. रंगमंचाची जी ताकद असते, म्हणजे एका माणसाची कुजबुज आणि तिच्यामागची शांतता, ती ताज यांच्या पानांवर होती. ती पाने कोणी उघडली नाहीत, आणि आपल्यापैकीही कोणी ती मागितली नाहीत. आपण तिकिटाची किंमत आणि पोशाखांची संख्या यांची चर्चा केली.

मराठी रंगभूमीकडे वळले तरी हाच प्रश्न समोर येतो, आणि इथे तो आपल्याला जास्त जवळचा आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' १९६७ मध्ये रंगमंचावर आले. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेब आफताब हुसेनांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. मराठी रंगभूमीवर मुसलमान पात्रे पुष्कळ आली, पण ज्याच्यासाठी प्रेक्षक रात्ररात्र बसले असा मुसलमान हा एकच असावा. त्या नाटकात एकच पद दोन घराण्यांच्या दोन चालींत येते आणि त्या दोन चालींतून दोन माणसे कळतात. खाँसाहेब कोण आहेत ते त्यांच्या गळ्यातून समजते. २०१५ मध्ये सुबोध भावे यांनी त्याचा चित्रपट केला, सचिन पिळगावकर खाँसाहेब झाले, शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी दिली. नव्या पिढीला नाट्यसंगीत ऐकायला लावले हे त्या चित्रपटाचे पुण्य मोठे आहे. पण नव्या गाण्यांत एक कव्वालीही आली. का आली? पडद्यावर मुसलमान ओळखू यायचा तर कव्वाली हवी, असा सिनेमाचा जुना हिशेब आहे. 'मुघल-ए-आझम'मध्येही कव्वालीचा मुकाबला आहेच. ज्याच्या ख्यालात त्याचे सारे आयुष्य ऐकू येत होते त्याला आणखी ओळखपत्राची काय गरज होती? कव्वालीशी माझे वैर नाही. नाटकाला जे एका तानेत सांगता येते ते सांगायला चित्रपट पोशाख, दिवे आणि टाळ्या मागतो, आणि आपण त्या दिव्यांनाच आपली ओळख समजून बसतो, हे मला खुपते.

हे सारे एवढ्या पोटतिडकीने सांगायचे कारण माझ्या वर्गात आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. राज्य मंडळाच्या इतिहासाच्या पुस्तकांत २०१७ मध्ये बदल झाले आणि मुघलांचा भाग पूर्वीपेक्षा बराच आक्रसला. पुस्तकात जागा कमी झाली की ती जागा पडदा भरून काढतो. 'मुघल-ए-आझम'च्या सुरुवातीला खुद्द हिंदुस्थान बोलू लागतो. मुलाला तो इतिहासच वाटतो. ताज यांनी लावलेली चिठ्ठी त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. मग बाहेर कोणी मुघलांना शिव्या दिल्या की आमचा मुलगा चित्रपटातल्या अकबराच्या बाजूने भांडतो, आणि शिव्या देणाराही बहुतेक कुठल्या तरी चित्रपटावरूनच देत असतो. दोघांच्याही हातात पुस्तक नसते. या भांडणात आपल्या मुलांचे नुकसान जास्त आहे, कारण उत्तर द्यायची पाळी नेहमी त्यांच्यावर येते.

बी.एड.ला आम्हांला नाट्यीकरण ही अध्यापनाची पद्धत म्हणून शिकवली होती. सराव पाठात तिचे गुण मिळाले, शाळेत आल्यावर ती गॅदरिंगपुरती उरली. तीही कशी? पेन ड्राइव्हवर गाणे लावायचे आणि मुलांनी ओठ हलवायचे. संवाद मोबाइलवरून पाठ करायचे, हातवारे पृथ्वीराज कपूरचे, डोळे दिलीपकुमारचे. मुलाचे स्वतःचे त्यात काही नसते. एका वर्षी मी ताज यांच्या ड्राम्यातला एक प्रवेश बसवावा असे सुचवले. 'लोकांना समजणार नाही, सिनेमातला घ्या' असे मला सांगण्यात आले. लोक म्हणजे पालक, म्हणजे आपणच. आणि मुलींना तर अनारकलीही व्हायचे नसते. मुली सातवी ओलांडल्या की त्यांच्या वाट्याला हम्द, नात आणि स्वागतगीत येते. दासीची कथा रंगमंचावर आणायची आणि ती सांगायला एकही मुलगी उभी करायची नाही, असा आपला कारभार आहे.

मग मी वर्गातच तो प्रवेश वाचायला घेतला. बाके सरकवली नाहीत, पोशाख नाहीत, मुलींनी बसल्या जागी वाचले. अनारकलीची आई, तिची लहान बहीण सुरय्या, दिलाराम. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, दिलाराम पण कनीजच होती ना? मग ती बादशहाला सामील का झाली?" चित्रपट पाहून हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. त्या तासाला आम्ही फक्त दिलारामवर बोललो. जिला स्वतःला काही मिळायची आशा नाही अशी बाई दुसरीचा घात का करते, घरात, सासरी, कामावर असे घडते का, यावर मुली आपणहून बोलल्या. ताज यांनी १९२२ मध्ये लिहिलेले एक पान एका तासात एवढे काम करून गेले.

आपल्यातले काही जण म्हणतील, नाटक-तमाशा हे आपले काम नाही, मजहब त्याची इजाजत देत नाही. या मंडळींशी माझा वाद छोटा आहे. ज्या घरात रोज संध्याकाळी टीव्हीवर मालिका चालतात त्या घराने ड्राम्याच्या पुस्तकाला हराम म्हणू नये. आणि इतिहासाची आठवण द्यायची तर उर्दू जबान रंगमंचावर वाढली आहे. लखनौच्या अमानत यांची 'इंदर सभा' १८५० च्या दशकातली. आगा हश्र काश्मिरींच्या नाटकांनी मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत थिएटरे भरली. १९३१ चा पहिला बोलपट 'आलम आरा' हा पारशी रंगभूमीवरच्या नाटकावरून घेतला होता. १९३२ मध्ये 'इंदर सभा' पडद्यावर आली तेव्हा तिच्यात सत्तरच्या आसपास गाणी होती. हश्र यांच्या 'यहूदी की लडकी'वरून बिमल रॉय यांनी १९५८ मध्ये 'यहूदी' केला. हिंदी सिनेमाने बोलायला सुरुवात केली ती उर्दू नाटकाच्या जिभेने. आज अमानत आणि हश्र कोण हे आमच्या डी.एड., बी.एड. झालेल्या शिक्षकांनाही सांगता येत नाही, आणि आपण म्हणतो की सिनेमाने उर्दू जगवली! सिनेमाने उर्दूचे संवाद जगवले. संवाद लिहिणारी परंपरा जगवायचे काम आपले होते. ते आपण केले नाही.

आपण मराठीत लिहिणाऱ्यांनी गेल्या काही दशकांत कथा लिहिल्या, कविता लिहिल्या, आत्मकथने लिहिली, आणि आपल्या घरातले दुःख आपल्या शब्दांत मांडले. नाटक मात्र क्वचितच लिहिले. त्यामुळे रंगमंचावर आणि पडद्यावर आपण येतो ते दुसऱ्यांच्या लेखणीतून, आणि मग येतो ते बादशहा म्हणून, खाँसाहेब म्हणून, नाहीतर गुन्हेगार म्हणून. शिंपी, मच्छीवाली, शाळामास्तर, तलाक घेऊन माहेरी आलेली बहीण ही माणसे रंगमंचावर आणायची तर ती आपल्यालाच आणावी लागतील.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. उर्दू शाळांनी गॅदरिंगला सिनेमाची नक्कल बंद करावी आणि मुलांच्या हातात ड्राम्याचे पुस्तक द्यावे. पूर्ण ड्रामा झेपत नसेल तर एक प्रवेश वाचावा, पण मुलांच्या स्वतःच्या आवाजात. मोठ्या मुलींना रंगमंचावरून उतरवणे थांबवावे. उर्दूच्या पदवी वर्गांत 'अनारकली' नेमला जातो तेव्हा तो गाइडमधून उरकू नये. त्याच्याशेजारी चित्रपट दाखवावा आणि कुठे काय बदलले ते विद्यार्थ्यांना शोधायला लावावे. ज्यांना उर्दू आणि मराठी दोन्ही येते असे आपल्यात पुष्कळ जण आहेत. त्यांच्यापैकी कोणीतरी ताज यांचा ड्रामा मराठी रंगमंचासाठी करायला घ्यावा. मोठा सेट नको, झुंबर नको, हत्ती-घोडे नकोत. चार बायका, एक बाप, एक मुलगा आणि एक भिंत पुरे. मराठी प्रेक्षकालाही त्यात मुघलांच्या पलीकडचे काही दिसेल, कारण बापाच्या इभ्रतीसाठी मुलगी मारली जाण्याची गोष्ट त्याला वर्तमानपत्रातून चांगली ठाऊक आहे.

शेवट मात्र ताज यांनी लिहिला तोच राहू द्यावा. आणि जाहिरातीवर नाव 'अनारकली'च छापावे.